झुनिल्दाची सावड

लिंकेल बेटावर कुणापाशीही झुनिल्दा चिग्वायचं नाव काढलं, की तो आधी हसतो आणि मग मान हलवतो. "तिला चिमूटभर मीठ उसनं देऊ नका, उद्या पोतं आणून दारात टाकेल," असं सांगतात. यात थोडा तिखटमीठ लावण्याचा भाग आहे, पण फार नाही.

तिचा बाप वारला तेव्हाची गोष्ट. पावसात शेजाऱ्यांनी खड्डा खणला, पेटी खांद्यावरून टेकडीवर नेली, सगळं रीतीप्रमाणे केलं. आठवडा व्हायच्या आत ही बाई तान्ही पोर पाठीला बांधून त्या प्रत्येकाच्या दारात उभी. सोफानोर म्हाताऱ्यानं तिला समजावलं, "अगं, मेलेल्या माणसासाठी केलेलं काम फेडायचं नसतं." ती म्हणाली, "मेला तो माझा बाप. मी जिवंत आहे ना? सांगा, कुठलं कुंपण पडलंय?" आणि सोफानोरचं कुंपण पडलेलं होतंच, ते कधी पडलेलं नसतं!

आमच्या बेटांवर सावडीशिवाय पान हलत नाही. बटाटे काढायचे असोत, छपराच्या लाकडी फळ्या बदलायच्या असोत, नाहीतर अख्खं घर ओंडक्यांवर चढवून बैलांकरवी दुसऱ्या जागी ओढत न्यायचं असो, माणसं लागतात, आणि ती पैशानं येत नाहीत. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. दिवसाला दिवस. कुणी कुठे लिहून ठेवत नाही, कारण कुणी विसरत नाही. बाकीचे लोक एकमेकांना थोडी सवड देतात, यंदा नाही जमलं तर पुढच्या साली. झुनिल्दाला ती सवड सोसायची नाही. कुणाचा दिवस अंगावर राहिला की मला झोप लागत नाही, असं ती स्वतःच सांगायची. आणि तिचा नवरा देल्फीन पुढे जोडायचा, "मलाही लागू देत नाही. कूस बदलून बदलून गादी फाडलीय हिनं."

देल्फीन म्हणजे आमच्याकडचा होड्या बांधणारा मेस्त्री. या खाडीत आज ज्या जुन्या होड्या पाण्यावर आहेत, त्यांतल्या निम्म्या त्याच्या हातच्या. माणूस टवाळ, तोंडानं फटकळ, काम करता करता गाणारा. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तो चुलीपाशी बसून माते, आमच्याकडचा पाल्याचा कडवट चहा, पीत होता. पिता पिता हातातला तुंबा गळून पडला, गरम पाणी मांडीवर सांडलं, आणि त्याला ते कळलंच नाही. उजवं अंग गेलं. जिभेवर उरले तीन शब्द: हो, नको आणि एक शिवी. शिवी सगळ्यांत स्पष्ट.

तेव्हापासून झुनिल्दानं त्याचं सगळं केलं. उठवणं, पुसणं, भरवणं, खुर्चीत बसवणं, रात्री कूस वळवून देणं. त्याला तिनं चुलीपासून लांब जाऊ दिलं नाही, वारा लागू दिला नाही, चमचासुद्धा हातात धरू दिला नाही. सांडलं तर पुसायचं कुणी? त्यापेक्षा भरवलेलं बरं. तिची यात काही चूक होती असं त्या वेळी कुणी म्हटलं नसतं. उलट बेटावरच्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, "झुनिल्दा करते तेवढं मी नाही हो करणार, आधीच सांगून ठेवते."

यांची मुलगी मारित्सा दूर दक्षिणेला, पुन्ता अरेनासला असते. गेल्या हिवाळ्यात पलंगावरून खुर्चीत नेताना झुनिल्दाची पाठ धरली आणि नवराबायको दोघंही जमिनीवर आले. उठता येईना. बराच वेळ तसेच पडून राहिले, मग देल्फीननं आपली ती शिवी हासडली आणि दोघंही हसत सुटले. ही हकिकत मारित्साला फोनवर कळली, तेव्हा ती मात्र हसली नाही.

"आई, बास झालं. कास्त्रोला चांगला वृद्धाश्रम आहे. मी बोलून ठेवलंय."

"समुद्र दिसतो का तिथून?"

"आई, तिथे डॉक्टर आहे."

"समुद्र दिसतो का, विचारलं."

"मागच्या बाजूला भिंत आहे. पण चांगली, रंगवलेली."

"मग नाही."

"हे बघ, पुढचा हिवाळा यायच्या आत तू मदतीला माणूस शोध. नाहीतर मी येते आणि बाबांना घेऊन जाते. तुझ्या हट्टापायी दोघंही मरायचे."

मारित्सा आपल्या आईचीच मुलगी. बोलली म्हणजे करणार. आणि झुनिल्दानंही मनाशी पक्कं ठरवलं होतं की देल्फीन या घरातून जाईल तो थेट तिच्या बापाशेजारी टेकडीवर, मधे कुठे भिंतीआड नाही.

माणूस शोधायला ती गेली नाही, माणूसच चालून आला. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं की नगरपालिकेनं नवीन सोय केलीय. ज्या घरी असं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथे आठवड्यातून दोन दुपारी एक बाई येते. ती दुखणाइताचं सगळं बघते आणि घरच्या बाईनं तेवढा वेळ नुसती विश्रांती घ्यायची.

"फुकट?" झुनिल्दानं विचारलं.

"फुकट. हक्काचं आहे."

"मला नको."

नर्स शहाणी होती. ती म्हणाली, "बरं. मग मारित्साला तसं कळवते." झुनिल्दानं दात ओठ खाल्ले आणि हो म्हटलं.

येणारी बाई निघाली योबाना बार्रिया. योबाना मूळची आमच्याच बेटावरची, लग्न होऊन समोरच्या किनाऱ्यावर गेलेली. चाळिशीची, अंगानं भरलेली, हसली की खाडीच्या पलीकडे ऐकू जावं अशी. नवऱ्याच्या जुन्या होडीतून ती स्वतः यायची. तिची आई ओतिलिया अजून इथेच वरच्या अंगाला राहते, गुडघे गेलेत पण शेत सोडत नाही.

हे झुनिल्दाच्या पथ्यावरच पडलं. पहिल्या दुपारी योबानाला घरात घेतलं, देल्फीनचं काय कुठे आहे ते दाखवलं, "मी जरा पडते चुलतबहिणीकडे," म्हणून सांगितलं, आणि मागच्या दारानं कुदळ उचलून सरळ ओतिलियाच्या शेतात.

"काय गं?" ओतिलिया म्हणाली. "तुला तर सरकारनं सुट्टी दिलीय ना?"

"तुझी मुलगी माझ्याकडे दुपार घालतेय. मी तुझ्याकडे घालते."

"तिला पगार आहे."

"पगार सरकार देतं. हात तिचेच आहेत ना?"

 बटाटे काढायचेच होते. ओतिलिया पोत्यावर बसून राहिली आणि झुनिल्दा सरीला लागली.

योबानाला हे कळायला फार दिवस लागले नाहीत. तिनं कपाळावर हात मारला. "मावशी, अहो, काय करताय हे? आम्हाला कुणाकडून एक अंडंसुद्धा घ्यायची बंदी आहे. माझी नोकरी जाईल."

"कोण सांगणार? बटाटे?"

"तुम्ही विश्रांती घ्यायची आहे. म्हणून तर मी येते."

"ते तू मला शिकवू नकोस. तू ये. मी माझं बघते."

असं ते चालू राहिलं. खरं बघाल तर विश्रांतीच्या त्या दुपारींनीच तिची पाठ पार मोडायला आली होती. संध्याकाळी घरी येऊन ती चुलीला पाठ लावून उभी राहायची आणि मारित्साला फोनवर सांगायची, "पाठ? छान आहे. दोन दुपारी आराम असतो ना आता."

देल्फीनचं मात्र वेगळंच चाललं होतं. सुरुवातीला त्यानं योबानाला अंगाला हात लावू दिला नाही. चमचा उडवायचा, तोंड फिरवायचा, शिवी द्यायचा. झुनिल्दा घरी आली की योबाना हताश होऊन बसलेली आणि सूप भिंतीवर. आता ही पोरगी येणं सोडणार आणि मारित्सा येऊन उभी राहणार, असंच झुनिल्दाला वाटत होतं. आणि मग एकाएकी तो मऊ पडला. योबाना आल्याचं होडीच्या आवाजावरून ओळखायला लागला. तिच्या हातून अंघोळ करून घ्यायला लागला, भांडंभर सूप संपवायला लागला. रात्री झोपसुद्धा गाढ. झुनिल्दाला बरं वाटलं आणि थोडं झोंबलंही. सहा वर्षं आपण केलं, आणि हा माणूस खुलला तो परक्या बाईच्या हाताला! पण ते तिनं गिळलं. तिला देल्फीन घरात राहायला हवा होता. कुणाच्या हातून जेवतो, हा प्रश्न नंतरचा.

अशा एका दुपारी नगरपालिकेची लाँच धक्क्याला लागली. उतरल्या त्या ओरिएत्ता मान्सिया, या सगळ्या सोयीच्या प्रमुख. घरोघरी आधी न कळवता जायचं आणि काम नीट चाललंय का बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. बाई वाईट नव्हत्या. लाटांनी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि धक्क्यावर वाट सांगायला कुणी नव्हतं. म्हणून त्या टेकडीवर, जिथे दोन बायका दिसत होत्या, तिथे चढून आल्या.

"बाई, झुनिल्दा चिग्वाय यांचं घर कुठलं?"

झुनिल्दा वाकून बटाटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "खाली, निळ्या दाराचं. पण आत्ता तिथे तिचा नवराच भेटेल."

"हो, कल्पना आहे. बाई विश्रांती घेत असतील. आम्ही त्यांना त्यासाठीच दुपारी मोकळीक देतो."

पोत्यावर बसलेल्या ओतिलियाला खोकला आला. झुनिल्दा कंबरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कुदळ, डोक्याचा रुमाल सुटलेला. सांगायला थापा चिकार होत्या, पण तिला एकही धड मारता आली नाही.

"मीच झुनिल्दा. बोला."

ओरिएत्ताबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही विश्रांती घेताय?"

"घेऊन झाली."

"आणि हे शेत कुणाचं?"

झुनिल्दानं डोळे वटारले, पण ओतिलियाला लांबचं दिसत नाही. तिनं मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं, "माझं! योबानाची आई मी. माझी पोरगी नगरपालिकेत नोकरीला आहे, तुम्ही ओळखत असाल."

ओळखत होत्या. ओरिएत्ताबाईंनी खाली निळ्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आमची कर्मचारी तुमच्या घरी असते, तेव्हा तुम्ही तिच्या आईच्या शेतात राबता."

"राबत नाही. फेडते."

"चला. तुमच्या घरी जाऊ. योबानासकट तिघींनी बसून बोलायला हवं."

उताराच्या वाटेवर झुनिल्दाच्या डोक्यात एकच विचार होता. योबानाची नोकरी गेली, तर दुपार गेली. दुपार गेली, की मारित्सा आली. आपल्या खोडीपायी आपणच देल्फीनला भिंतीआड ढकललं. पण दुसऱ्याच पावलाला ती स्वतःशी म्हणे, खोड कसली? खाल्लं ते परत करायचं नाही तर काय करायचं? यातलं काय खरं ते ठरवेपर्यंत निळं दार आलं.

घरात कुणी नव्हतं.

चूल पेटलेली होती, त्यावर किटली होती, देल्फीनची खुर्ची रिकामी होती आणि त्याची घोंगडी जमिनीवर पडली होती. झुनिल्दानं आतली खोली पाहिली, मोरी पाहिली. सहा वर्षांत दिवसाउजेडी ती खुर्ची तिनं कधी रिकामी पाहिली नव्हती.  "योबाने!" ती ओरडली, आणि चिखलाच्या पायांनी तशीच किनाऱ्याकडे पळत सुटली. पाठीचं तिला भान नव्हतं. ओरिएत्ताबाई मागून घसरत येत होत्या.

ओहोटी होती. योबानाची होडी ओंडक्यांवर कलती करून ठेवली होती. होडीच्या पोटापाशी माशांच्या उलट्या खोक्यावर देल्फीन बसला होता. जाड कोट, कानटोपी, पायांवर पोतं. डाव्या हातात लाकडी मोगरी. समोर योबाना गुडघ्यांवर बसून फळ्यांच्या सांध्यात बोथट छिन्नी धरून होती, आणि देल्फीन त्या छिन्नीवर ठोके मारून झाडाची पिळलेली साल भेगेत ठासत होता. ठोका, थांब, छिन्नी पुढे. ठोका, थांब, छिन्नी पुढे. त्याच्या तोंडातून कसलासा सूर निघत होता. गाणं म्हणवत नव्हतं, पण ते गाणंच होतं.

झुनिल्दानं आधी तो नीट आहे हे पाहिलं, आणि मग तिचा भडका उडाला.

"बया! माणूस आहेस का कोण? मी तिकडे तुझ्या आईचे बटाटे काढून मरतेय आणि तू इकडे माझ्या अपंग नवऱ्याला वाऱ्यात बसवून तुझी होडी दुरुस्त करून घेतेस? लाज नाही वाटत?"

योबानाचा चेहरा उतरला. मागे ओरिएत्ताबाई दिसल्या तसा आणखीच उतरला. पण ती उठून उभी राहिली.

"मावशी, मला बोला, पण आधी ऐका. तुम्हाला आठवतंय ना, हे मला जवळ येऊ देत नव्हते? थेंबभर पाणी घेत नव्हते माझ्या हातून? एकदा तुम्ही यायच्या आधी मी होडीतलं पाणी उपसत होते, ते यांनी खिडकीतून पाहिलं. आणि काय आरडाओरडा केला! शिव्यांवर शिव्या. मला वाटलं, दुखतंय कुठे. तर हे बोटानं होडी दाखवतात, आपला हात दाखवतात, पुन्हा होडी दाखवतात. पुढच्या खेपेला मी यांना कोट घालून, बटाट्यांच्या ढकलगाडीत बसवून खाली आणलं. यांनी छिन्नी कुठे धरायची ते दाखवलं. त्या दिवशी वर गेल्यावर पहिल्यांदा माझ्या हातून जेवले." तिनं निळा पडलेला अंगठा पुढे केला. "सुरुवातीला नेम चुकायचा मेस्त्रींचा. आता नाही चुकत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नेऊ दिलं असतं?"

झुनिल्दानं वाकून देल्फीनच्या पायांवरचं पोतं सारखं केलं. नसतंच नेऊ दिलं.

ओरिएत्ताबाई एव्हाना दम घेऊन उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण कडक होता. "हे बघा, आमची माणसं कुणाकडून काही घेत नाहीत. खायचं नाही, वस्तू नाही, काम तर नाहीच. हा नियम उगाच नाही. आज तुम्ही राजीखुशीनं बटाटे काढताय. उद्या दुसऱ्या कुठल्या घरी आमची बाई म्हणेल, बटाटे काढ, नाहीतर म्हाताऱ्याला धुणार नाही."

"नियम बरोबर आहे," झुनिल्दा म्हणाली. बरोबर ते बरोबर म्हणायला ती कधी चुकली नाही.

"इथे तर बायकोही राबतेय आणि दुखणाईतही राबतोय, तोही कर्मचाऱ्याच्या घरचं काम. योबाना, मी हे वर कळवलं तर काय होईल, तुला माहीत आहे."

योबाना रडकुंडीला आली. झुनिल्दा पुढे झाली.

"बाईसाहेब, हिला काढायचं असेल तर आधी माझ्याशी बोला. हिनं माझ्याकडे काही मागितलं नाही, मी आपण होऊन गेले. आणि दुपार बंद केलीत ना, तर माझी मुलगी याला कास्त्रोला नेऊन टाकेल. ते मी होऊ देणार नाही. याला पाठीवर घेऊन लाँचमध्ये बसेन आणि तुमच्या कचेरीत तुमच्याच खुर्चीत आणून ठेवीन. मग करा तिथे याची सोय, नियमानं."

"तुमच्या पाठीवर?"

"पाठ माझी आहे. तिचं मी बघेन."

"मग एवढंच कबूल करा ना, की यापुढे शेतात जाणार नाही. मी मिटवते सगळं."

"ते नाही जमणार," झुनिल्दा म्हणाली. "हिचे दिवस माझ्या अंगावर आहेत. अंगावर ठेवून मला जगता येत नाही. पाळता येणार नाही तो शब्द मी देत नाही."

ओरिएत्ताबाईंनी हात टेकले. त्या वळल्या, आणि मग जे त्यांनी केलं ते बेटावर सहा वर्षांत कुणी केलं नव्हतं. त्या देल्फीनसमोर जाऊन उकिडव्या बसल्या आणि त्यालाच विचारलं, "मेस्त्री, ही सोय तुमच्यासाठी आहे. तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

देल्फीननं त्यांच्याकडे पाहिलं. मग मोगरी मांडीवर ठेवली. डावा हात होडीच्या फळीवर थोपटला. बोट योबानाकडे केलं. मग तोच तळवा मांडीवर असा झटकून पुसला, जसा बेटावरचा कुठलाही माणूस दिवस फेडून झाल्यावर पुसतो: फिटलं, आता माझं तुझ्याकडे नाही, तुझं माझ्याकडे नाही. मग त्यानं झुनिल्दाच्या हातातल्या कुदळीकडे बोट दाखवलं, जी तिनं पळताना टाकलीच नव्हती.

"नको," तो म्हणाला.

झुनिल्दा जागच्या जागी उभी राहिली. तिला कळलं, आणि कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पुसायचंही सुचेना. अंघोळ कुणाला घातली होती? जेवण कुणाला भरवलं होतं? योबानाचे दिवस त्याच्या अंगावर होते, हिच्या नाही. ज्याचे त्यानं फेडले होते. ही उगाच मधे पडून दुसऱ्यांदा फेडत बसली होती. आणि याहून वाईट म्हणजे, आपल्याला कुणाचा एक दिवस अंगावर ठेवून झोप लागत नाही, आणि या माणसाला आपण सहा वर्षं नुसतं देत राहिलो. चमचासुद्धा उचलू दिला नाही. तो रात्र रात्र जागा असायचा, ते पायाच्या दुखण्यानं, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

ओरिएत्ताबाईंना सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण पुरेसं कळलं. त्या उठल्या, गुडघ्याची वाळू झटकली, होडीकडे एक फेरी मारून आल्या.

"योबाना, या होडीत पाणी येत होतं?"

"येत होतं, बाई. मेस्त्रींनी बसवलं तेवढ्या भागात आता येत नाही."

"म्हणजे आमची कर्मचारी फुटक्या होडीतून कामावर येत होती आणि आम्हाला पत्ता नाही. तू बुडाली असतीस तर मला जाब द्यावा लागला असता." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "होडी नगरपालिकेच्या कामासाठी वापरली जाते. तेव्हा ती धड ठेवली, तर ते काम नगरपालिकेला पोचतं, तुझ्या घराला नाही. आणि मेस्त्रींनी डावा हात चालता ठेवायचा, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. कोट, टोपी आणि पायांवर पांघरूण, याशिवाय त्यांना खाली आणायचं नाही. ऐकलंस?"

"ऐकलं."

"बटाटे मात्र बंद. झुनिल्दाबाई, आता तरी शब्द द्याल? त्या दोन दुपारी तुम्ही बसायचं. नुसतं बसायचं."

झुनिल्दानं नाक पुसलं. देणं आता अंगावर नव्हतंच, तेव्हा अडायला काही कारण नव्हतं. तरी शब्द तिच्या तोंडातून मोठ्या कष्टानं निघाला. "बसेन."

घरी येऊन तिनं गरमागरम मिल्काओ तळले, बटाट्याच्या जाड पोळ्या, आत डुकराच्या चरबीचे तुकडे. ओरिएत्ताबाई नियमावर बोट ठेवून नको म्हणाल्या. तेव्हा झुनिल्दानं त्यांना सांगितलं, की शब्द मी बसण्याचा दिलाय, घरी आलेल्याला उपाशी पाठवण्याचा नाही दिला. ओरिएत्ताबाई वास घेत दारापर्यंत गेल्या, आणि लाँच सुटेपर्यंत तरी त्यांच्या हातात कुणी काही पाहिलं नाही. त्यांच्या पिशवीचं मी सांगत नाही.

पुढच्या खेपेला योबाना आली. देल्फीनला कोट चढवला, टोपी घातली, पोतं घेतलं, खाली नेलं. झुनिल्दा चुलीपाशी बसली. बसून पाहिलं. हात मांडीवर ठेवून पाहिले, मग खिडकीकडे तोंड करून पाहिलं. खालून ठोक्यांचा आवाज यायला लागला, तशी ती उठली आणि एक खोकं उचलून किनाऱ्यावर गेली. देल्फीनच्या समोर खोकं मांडलं, त्यावर बसली, आणि योबानाच्या हातातली छिन्नी काढून घेतली.

"मावशी!" योबाना म्हणाली. "तुम्ही ओरिएत्ताबाईंना शब्द दिलाय. तुमचा वेळ आहे हा, बसायचा."

"मग उभी आहे का मी?"

तिनं छिन्नी सांध्यात धरली. देल्फीननं मोगरी उचलली, पण मारली नाही. तो तिच्या बोटांकडे बघत होता. इतक्या जवळून त्यानं तिच्याकडे बऱ्याच दिवसांत असं बघितलं नव्हतं.

"मार की. घाबरतोस काय? आणि हे बघ, म्हाताऱ्या, एक सांगून ठेवते. हिचं फेडलंस, चांगलं केलंस. पण माझी सहा वर्षं तुझ्या अंगावर आहेत. मी सोडणार नाही. ही होडी झाली की आपली, ती तिकडे पालथी पडून कुजतेय. मग कोंबड्यांच्या खुराड्याचं दार. मग खिडकी, वारा येतो तिच्यातून. एकेक दिवस घेणार मी तुझ्याकडून. कास्त्रोला जायला तुला सवड मिळणार नाही."

"हो," देल्फीन म्हणाला, आणि त्यानं मोगरी हाणली.